एकाच दाखल्यावर दोन अर्ज

सत्यशीला ओव्हाळचा नवरा गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेला. मार्केट यार्डात कांद्याच्या गोणी खाली होत होत्या आणि सीतारामने आपल्या टेम्पोच्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हमालांना वाटलं, डुलकी लागली असेल. गाडी रिकामी झाल्यावर हाक मारली तेव्हा कळलं, माणूस राहिलेला नाही. वय बावन्न. त्या धक्क्यातून सत्यशीला जूनमध्ये कुठे उठली, तीही मुलीच्या फीसाठी. पण ही गोष्ट त्या धक्क्याची नाही.

हडपसरला गाडीतळावरून मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांच्या दोन खोल्या आहेत. सत्यशीला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काजाच्या मशीनवर बसते. शर्टाला सात काजं, सगळी एका रेषेत. बारावी झालेली, अक्षर टपोरं, म्हणून कारखान्याची पावती-चलनंही मालक तिच्याकडूनच लिहून घेतो. बोलते कमी. सीताराम बोलका होता. दोघांचं मिळून तो बोलायचा. आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडी बाहेरगावी, बाकी दिवस घरी. आला की अक्षताच्या वह्या चाळायचा. स्वतः आठवी नापास, पण पोरीच्या गणिताच्या वहीत पाच मिनिटं अशी नजर लावायचा, जणू काही चूक सापडणारच आहे.

अक्षता त्यांची एकुलती एक मुलगी. वाघोलीच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. सरकारी फीमाफी तिथे लागू नव्हती. संस्थेची स्वतःची एक सवलत होती, पण ती पालकांच्या मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरायची, आणि सीतारामने नव्या टेम्पोच्या कर्जासाठी कागदोपत्री उत्पन्न फुगवून दाखवलं होतं. त्यामुळे दोन वर्षं सवलत मिळाली नाही. आता तो कमावणारा माणूसच नव्हता, पण संस्थेच्या कागदात मागच्या वर्षीचा सीताराम अजून कमावत होता.

अक्षतानेच वेबसाइटवर शोधून काढलं. विशेष कौटुंबिक परिस्थिती असेल तर सवलतीचा फेरविचार करण्याचा एक अर्ज असतो. कमावत्या पालकाचा मृत्यू, गंभीर आजार, नोकरी जाणं. पुराव्यासह. मायलेकींनी पुरावे गोळा केले. मृत्यूचा दाखला, सत्यशीलाच्या पगाराचं पत्र, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक. सत्यशीलाने अर्ज हाताने लिहिला, तीन वेळा. पहिल्या दोन वेळा 'माझे पती' या शब्दांनंतर तिचा हात थांबला होता.

विद्यार्थी सहाय्य विभागाच्या खिडकीत अनिरुद्ध सर बसायचे. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, आणि जिभेला पुण्याची धार. पुढच्या मुलाला ते सांगत होते, "सूचना आम्ही भिंतीचा रंग झाकायला लावलेल्या नाहीत. वाचल्या तरी चालतात."

सत्यशीलाची पाळी आली. त्यांनी कागद घेतले, चाळले, मृत्यूच्या दाखल्यापाशी थांबले. मग कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं.

"अहो ताई, हे काय? अर्ज आलाय की तुमचा."

"नाही सर. आज पहिल्यांदाच देतेय."

"सीताराम मारुती ओव्हाळ. नोंदणी क्रमांक तोच, तारीख तीच. हा दाखला मागच्या आठवड्यातच आलाय आमच्याकडे. एका घरातून दोन मुलं असतील तर एकत्र अर्ज करायचा असतो. धाकटीचा वेगळा आणि थोरलीचा वेगळा असं नसतं."

"धाकटी कोण?" अक्षताने विचारलं.

"दीपाली. फार्मसी, पहिलं वर्ष. तुझी बहीण ना?"

"मला एकच मुलगी आहे," सत्यशीला म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. चूक कॉम्प्युटरची आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

अनिरुद्ध सरांनी चष्मा खाली घेतला. कपाटातून एक फाईल काढली, उघडली आणि बहुधा सवयीने तिच्याकडे फिरवली. वरच फोटो होता. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, दोन वेण्या. रुंद कपाळ आणि डाव्या भुवईत एक भोवरा, केस उलटे उगवलेले. असा भोवरा अक्षताच्या भुवईत आहे. सीतारामच्याही होता.

आईचं नाव: द्वारका सीताराम ओव्हाळ. पत्ता: खराडी.

सत्यशीलाने तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. तिला अक्षरं दिसत होती, पण अर्थ लागत नव्हता. मागे रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "काकू, लवकर करा ना." अक्षताने आईचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "आई, मी हिला ओळखते."

"कशी?"

"बसला असते. येताना दोन-तीनदा मला जागा दिलीये तिने. मी म्हटलं, मी सीनियर आहे म्हणून देत असेल."

अनिरुद्ध सरांच्या तेव्हा लक्षात आलं आपण काय केलंय ते. ते उठून बाहेर आले, दोघींना आतल्या खोलीत बसवलं, दार लोटलं. त्यांची धार कुठल्या कुठे गेली होती. "ताई, माझी चूक झाली. दुसऱ्याची फाईल दाखवायला नको होती. मला वाटलं..." मग म्हणाले, "आता मात्र नियमाप्रमाणे दोन्ही अर्ज थांबवावे लागतील. एकाच दाखल्यावर दोन कुटुंबं दिसतायत. समिती दोन्ही पालकांना बोलावेल. चार जुलैला."

परतीच्या बसमध्ये खराडीच्या पुढे अक्षता रडायला लागली तेव्हा सत्यशीलाने पदर पुढे केला, पण स्वतःच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचं मन एकाच ठिकाणी अडकलं होतं. फाईलमध्ये त्या मुलीची जन्मतारीख होती. नोव्हेंबर, २००६. त्या नोव्हेंबरात अक्षताला कावीळ झाली होती. दीड वर्षाचं पोर सात दिवस दवाखान्यात होतं, आणि सीताराम म्हणाला होता, गाडी नाशिकला अडकली आहे. आठव्या दिवशी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. सत्यशीलाला वाटलं होतं, पोरीच्या काळजीने.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर ती घरी गेली नाही, मार्केट यार्डात गेली. कांदा-बटाटा विभागात रंगराव भेटणार हे तिला माहीत होतं. रंगराव हमालांच्या टोळीचा मुकादम, सीतारामचा पंचवीस वर्षांचा मित्र. अक्षताच्या नामकरणाला पाळणा त्यानेच बांधला होता.

"वहिनी! तुम्ही इकडं कुठं?"

"दीपाली कोण?"

रंगरावने हातातला हूक गोणीत टोचून ठेवला. आजूबाजूला पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे आहे."

सत्यशीला तशीच उभी राहिली. ती निघून जाईना, तेव्हा तो गोणीवर बसला आणि सांगू लागला. द्वारकाचा भाऊ वाघोलीच्या पलीकडून भाजी आणायचा, सीतारामच्या गाडीतून. ओळख झाली. तिच्या माणसांना सीतारामने आपण एकटे आहोत असं सांगितलं होतं. लग्न लागलं, रंगराव त्याला हजर होता.

"तुम्ही हजर होतात?"

"होतो, वहिनी. नको म्हणालो होतो त्याला. पण होतो."

"आणि आमच्या घरी जेवायला येत होतात."

"येत होतो."

"दाखल्याची प्रत तिला कोणी दिली?"

"मीच. दाखला काढायला मीच गेलो होतो की." रंगरावने मान वर केली. "पोरीचं शिक्षण थांबत होतं. दोघींचं कॉलेज एकाच गेटात आहे हे मला ठाऊक होतं. पण खिडकीबी एकच असेल असं वाटलं नाही."

सत्यशीला वळली. रंगराव तिच्या मागे दोन पावलं आला. "वहिनी, द्वारका मातीला आली होती. नंतर तुमच्या घरीबी आली यार्डातल्या बायांबरोबर. तुमच्या पायरीवर तिला भोवळ आली. तुम्ही तिला पाणी दिलंत."

सत्यशीलाला ती बाई आठवली. चॉकलेटी साडी, उन्हाने रापलेला चेहरा. 'तुम्ही यार्डातल्या का?' असं तिने विचारलं होतं, आणि त्या बाईने मान हलवली होती. आपलाच नवरा गेलेला असताना आपण तिला धीर दिला होता, पाठीवर हात ठेवून. सत्यशीला त्या हाताकडे पाहत राहिली. हमाल गाड्या रिकाम्या करत होते, कोणीतरी 'बाजू, बाजू' ओरडत होतं आणि ती वाटेत उभी होती.

पुढचे पंधरा दिवस ती कामाला गेली, घरी आली, स्वयंपाक केला. एके दिवशी मशीनवर मालकाने विचारलं, "ताई, हे काय केलंत?" तिने पाहिलं तर पूर्ण गठ्ठ्यातल्या शर्टांची काजं बटणाच्या बाजूला पडली होती. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती सुट्टीत बसून बदलण्यासाठी एकेक शर्टाची पट्टी उसवत राहिली.

अक्षता घरात वेगळ्याच तऱ्हेने वागत होती. तिने बापाचे सगळे फोटो मोबाईलमधून काढून टाकले, मग रात्री परत आणले. "आई, तू समितीत सांग. ते लग्न कायद्याने खरंच नाहीये. मी वाचलंय. तू एकटी बायको आहेस. त्यांचा अर्ज आपोआप खोटा ठरेल."

"मग त्या मुलीचं काय होईल?"

"मला काय माहीत? आपलं काय होतंय ते कोणी बघितलं?"



चार जुलैला समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर चॉकलेटी साडी आधीच बसलेली होती. शेजारी दोन वेण्यांची मुलगी. दोघी उठून उभ्या राहिल्या. सत्यशीलाला वाटलं होतं, समोर आली की आपण काहीतरी बोलू, ओरडू. पण द्वारकाच बोलली.

"ताई, म्या काय मागायला नाय आले. पोरीचं नाव काढू नगा, एवढंच हाय."

"मला ताई म्हणू नका."

"बरं." द्वारकाने पदर घट्ट धरला. "मला बी फसवलंच की त्यांनी. दीपा पोटात असताना कळलं. तवा कुठं जाणार व्हते मी? भाऊ घरात घेईना."

"आणि पुढे? एकोणीस वर्षं?"

"पुढं सवय लागली. तुम्ही काजाच्या मशीनवर बसता, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमाला तिखट सोसत नाय. समदं ठाऊक हाय मला."

सत्यशीलाला हे सगळ्यात जास्त लागलं. त्या घरात आपल्याबद्दल बोललं जात होतं. आपण कसे जेवतो ते त्या बाईला माहीत होतं, आणि आपल्याला तिचं नावही माहीत नव्हतं. आपलं सगळं घर कोणीतरी खिडकीतून पाहत होतं आणि आपण कधी पडदा लावला नाही.

तेवढ्यात दीपाली अक्षताला म्हणाली, "सॉरी. मी बसमध्ये बोलणार होते तुझ्याशी. धीर झाला नाही."

"तुला माहीत होतं?"

"लहानपणापासून. पप्पा म्हणायचे, अक्षतासारखा अभ्यास कर. तुझ्या दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स आमच्याकडे आहे."

पंधरा दिवस अक्षताने या मुलीला मनातल्या मनात काय काय ऐकवलं होतं. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

आत समितीचे तिघे जण होते. मधल्या बाई वयस्कर, शांत बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही फाईली पाहिल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"सत्यशीलाताई, आपण कायदेशीर पत्नी आहात?"

"हो. आमचं लग्न बौद्ध पद्धतीने झालंय. नोंदणीही आहे."

"यांच्याकडे नोंदणी नाही." बाईंनी द्वारकाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "मग आमच्यासमोर प्रश्न साधा आहे. हा दुसरा अर्ज खोट्या माहितीवर केलेला आहे, असं आपण लिहून दिलंत तर तो रद्द होईल. आपल्या मुलीचा आम्ही आजच निकाली काढू. अर्ज दोन राहिले, तर निधी विभागला जाईल. आपण विचार करून सांगा."

"माझ्या मुलीचं नाव राहील ना कॉलेजात?" द्वारकाने विचारलं.

"खोटी माहिती ठरली तर सांगता येत नाही."

अनिरुद्ध सर कोपऱ्यात टिपणं घेत होते. त्यांचं पेन थांबलं.

सत्यशीलाने कागद मागितला. ती लिहायला बसली तेव्हा अक्षता तिच्या खांद्यावरून पाहत होती, आणि तिच्या मनात एकच होतं, आई आता 'खोटा' हा शब्द लिहील. सत्यशीलाने टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

'मी सत्यशीला सीताराम ओव्हाळ लिहून देते की माझे पती कालकथित सीताराम मारुती ओव्हाळ यांना दोन मुली आहेत. अक्षता ही माझी मुलगी आहे. दीपाली ही द्वारका यांची मुलगी आहे. हे मला त्यांच्या मृत्यूनंतर या कार्यालयात कळले. आमची घरे वेगळी आहेत. द्वारका यांच्याशी माझा कोणताही संबंध नाही आणि पुढे राहणार नाही. परंतु वडिलांचे नाव खरे आहे.'

खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. बाईंनी वाचला, मग दुसऱ्या मायलेकींसमोर ठेवला. काय लिहिलंय ते द्वारकाने दीपालीला विचारलं, दीपालीने कानात सांगितलं. द्वारका सत्यशीलाच्या पायाशी वाकायला गेली तशी सत्यशीला झटकन मागे झाली, खुर्ची पडली.

"नको. तुमच्यासाठी नाही लिहिलं."

बस थांब्यावर अक्षताचा बांध फुटला. "का लिहिलंस असं? ते म्हणत होते ना, आजच निकाल! इतकं मोठं मन दाखवायची काय गरज होती?"

"मन कुठलं मोठं?" सत्यशीला म्हणाली. "माझ्या अंगाची नुसती आग होतेय. तो समोर असता तर मी त्याला काय केलं असतं मला माहीत नाही. पण खोटं त्याने लिहिलं, बोलला, वीस वर्षं. मी कशाला लिहू?"

निकाल दहा दिवसांनी आला. दोन्ही घरांचा वेगवेगळा विचार झाला होता. द्वारकाला पगार नव्हता, म्हणून दीपालीची पूर्ण फी माफ. सत्यशीला पगारदार, म्हणून अक्षताची निम्मी. अक्षताने तो ईमेल आईला वाचून दाखवला आणि मोबाईल पलंगावर फेकला. पंचवीस वर्षं काम केल्याचा हा हिशेब असा लागेल हे सत्यशीलाच्या मनात आलं नव्हतं. मग ती अनिरुद्ध सरांकडे गेली. त्यांनीच उरलेल्या निम्म्याचे चार हप्ते करून घेतले, आणि सुट्टीच्या दिवशी विद्यापीठाच्या लायब्ररीत अक्षताला मानधनाचं काम मिळतं का ते पाहिलं. मिळालं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी रंगराव दारात आला. आत आला नाही. त्याच्या हातात पिशवी होती. मेथी, कोवळी वांगी, मक्याची कणसं. "द्वारकाबाईने दिलीय. तिच्या भावाच्या वावरातली." सत्यशीलाने पिशवी पाहिली आणि दार लावून घेतलं. पिशवी बाहेर पायरीवर राहिली. तासाभराने अक्षताने ती आत घेतली, वांगी चिरली आणि भाजी केली. सत्यशीलाने त्या दिवशी दही आणि भाकरी खाल्ली. मुलीला खाऊ नको म्हणाली नाही.

दोघी मुली आता एकाच बसने जातात. बोलतात की नाही, सत्यशीलाने विचारलेलं नाही. एकदा मात्र अक्षताच्या बॅगेत तिला औषधांची नावं लिहिलेली कोणाची तरी वही दिसली. अक्षर ओळखीचं नव्हतं. तिने वही परत ठेवली आणि चेन लावली.

सवलतीची एक अट तिला आधी कोणी सांगितली नव्हती. ती फक्त एका वर्षापुरती असते. दर जूनमध्ये अर्ज नव्याने करायचा, सगळे कागद नव्याने जोडायचे. आणि या दोन अर्जांना सत्यशीलाचं ते पत्रही दर वर्षी नव्या तारखेचं लागतं, जुन्याची प्रत चालत नाही. दीपालीचं शिक्षण संपेपर्यंत. म्हणजे अक्षता बाहेर पडल्यावरही एक वर्ष.

या जूनमध्ये ती खिडकीशी गेली तेव्हा अनिरुद्ध सर म्हणाले, "ताई, मजकूर मी टाइप करून ठेवलाय. तुम्ही नुसती सही करा."

"नको. मी लिहिते."

तिने बाजूच्या टेबलावर कागद सरळ केला. 'माझे पती' या शब्दांपाशी तिचा हात पुन्हा थांबला. कॉलेज भरायची वेळ झाली होती, मुलांचे घोळके जिन्यावरून धावत होते. तिने पेन झटकलं आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.